तुम्ही विचारलंत म्हणून: मेरी ॲन का गेली?

गिडियन मॅन्टेल, एकोणिसाव्या शतकातला जीवाश्मवेडा इंग्रज डॉक्टर. त्याच्यावर माझं व्याख्यान कुठेही असो, शेवटी माइक फिरतो आणि कुणीतरी त्याच्या बायकोबद्दल, मेरी ॲनबद्दल विचारतंच, ‘‘चार मुलांची आई, नवऱ्याला सोडून गेली कशी?’’ त्यानं शोधलेल्या इग्वानोडॉन या डायनोसॉरबद्दल एक प्रश्न येत नाही. तर एकदाचं लिहूनच टाकते.

आधी माझी चूक. पंधरा वर्षांपूर्वीच्या लेखात मी रंगवून लिहिलं होतं की डॉक्टर रुग्णाच्या घरात, बायको बाहेर ताटकळत, आणि तिला रस्त्याच्या खडीत इग्वानोडॉनचा तो प्रसिद्ध दात दिसतो. या गोष्टीला भक्कम पुरावा नाही. दात आपल्याला सापडला असं मॅन्टेलनंच पुढे लिहिलंय. पण मला ती गोष्ट हवी होती ना! तिनं खरोखर केलेलं काम मॅन्टेलच्या 1822च्या पुस्तकात आहे, पानपानभर जीवाश्मांची चित्रं, तिनं कोरलेली. त्याबद्दल मी दीड ओळ लिहिली होती.

लेख वाचून बाबांनी चष्मा काढला. ‘‘याची प्रॅक्टिस कुठाय यात?’’ तालुक्याच्या गावी चाळीस वर्षं दवाखाना चालवलेला माणूस, त्याला तेच दिसणार. मी चिडले. पण खरं होतं. मॅन्टेलच्या गावी, इंग्लंडमधल्या ल्यूइसमध्ये, साथीच्या दिवसांत पन्नासवर रुग्ण, वर्षाला दोन-तीनशे बाळंतपणं, आणि उरलेल्या वेळात चुनखडीच्या खाणी. तो घरी नसायचा, एवढंच मी लिहून मोकळी झाले होते.

तरी ब्रायटन या समुद्रकाठच्या शहराचं मी त्याला माफ करत नाही. 1833मध्ये बडे लोक पेशंट मिळतील म्हणून तो चालती प्रॅक्टिस सोडून तिकडे गेला. बडे लोक आले, पण नाडी दाखवायला नाही, हाडं बघायला. दिवाणखान्यात हाडं, जिन्यात बघे. पुढे सगळ्या घराचंच संग्रहालय झालं आणि बायकामुलांना दुसरीकडे बिऱ्हाड करावं लागलं. तिकीट होतं, पण हा भला माणूस लोकांना फुकट सोडायचा. सोडायचा! इथे मी दर वेळी पुस्तक मिटते.

कारण बाबाही ‘‘राहू दे, पुढच्या बाजारी दे’’ म्हणायचे. ती उधारीची वही आई लिहायची. आमच्या स्टोव्हवर सकाळी आधी काचेच्या सिरिंजा उकळायचा डबा, मग चहा. ओसरीवर पेशंट असले की आम्ही मागच्या दारानं शाळेत. लोक आजही भेटतात, म्हणतात, देवमाणूस. होतेच. वही कुणी बघितली नाही.

1838मध्ये मॅन्टेलनं संग्रह 4,000 पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकला आणि लंडनजवळ क्लॅपहॅमला नवी प्रॅक्टिस घेतली. म्हणजे हाडं गेली, घर मोकळं झालं, आणि 1839मध्ये मेरी ॲन त्याला सोडून गेली. हे मला कधीच नीट उलगडलेलं नाही. थोरला मुलगा वॉल्टर त्याच सुमारास न्यूझीलंडला निघाला. 1840मध्ये मुलगी हॅना वारली, तिची बरीच वर्षं दुखण्यात गेली होती. 1841मध्ये गाडीच्या अपघातात मॅन्टेलचा कणा कायमचा दुखावला आणि 1852मध्ये, दुखणं शमवायला घेतलेल्या अफूनं तो गेला. वॉल्टरनं तिकडून त्याला मोआ या नामशेष झालेल्या प्रचंड पक्ष्याची हाडं पाठवली होती. बापाला काय आवडतं ते मुलाला ठाऊक होतं.

मी पूर्वी ठणकावून सांगायचे, ती हाडांना कंटाळून गेली. आता तसं म्हणवत नाही. ‘मुलं टाकून’ म्हणणाऱ्यांशी मात्र अजून भांडते.

एका व्याख्यानाला आई आली होती, तिसऱ्या रांगेत. नेहमीचा प्रश्न आला, मी नेहमीचं उत्तर दिलं. परतताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती.

‘‘तिला जायला जागा होती का गं?’’ म्हणाली, आणि सुटे काढायला पर्स उघडली.