तुम्ही विचारलंत म्हणून: ती बाग अजून का आहे

'घरात एवढंसं पोर, आणि बाग अजून तशीच?' गेल्या वर्षभरात हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की समोरच्याचा चेहरा बघूनच तो येतोय हे कळतं. आधी नजर लेकीकडे जाते, मग मागच्या दाराकडे, मग माझ्याकडे. आजवर मी 'हो, काढायचीच आहे' म्हणून वेळ मारून नेली. काढायची नाहीये. खोटं बोलून आता कंटाळलो, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधी थोडं भांडून घेतो. स्वयंपाकघर बंद करा असं मला कोणी सांगत नाही. इस्त्री, जिना, उशाशी ठेवलेल्या गोळ्या यांच्याबद्दलही कोणी विचारत नाही. लहान मुलांच्या पोटात नको ते जातं त्यात औषधं आणि फरशी-संडास साफ करायची रसायनं झाडांच्या फार पुढे आहेत. बाथरूममधल्या बादलीत चार बोटं पाणी असलं तरी चालायला लागलेलं मूल त्यात बुडू शकतं. या वयात अंगाच्या मानाने डोकं जड असतं, वाकून बघताना तोल गेला की स्वतःहून वर येता येत नाही. ही बादली तुमच्याही घरात आहे. मी कधी तुमच्या बाथरूमकडे बघून तसा चेहरा केला का?

पण मला कळतं, तुम्ही बादलीबद्दल विचारत नाही. त्या दुपारबद्दल विचारताय.

लेक तेव्हा 19 महिन्यांची होती. डिफेनबेकिया म्हणजे हिरव्या रुंद पानांवर पांढुरके शिंतोडे असलेलं, कोपऱ्यात शोभेला ठेवतात ते झाड. आमच्याकडे ते उंच स्टुलावर होतं, तिचा हात पोचू नये म्हणून मुद्दाम ठेवलेलं. नंतर जो तो 'तुला काय माहीत असणार' म्हणत माझी समजूत घालत होता. मला माहीत होतं. हे झाड सुरणाच्या कुळातलं, अळूचं नातलग. कच्चं अळू घशाला खाजतं ते ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुयांमुळे, त्याच सुया हिच्या पानांत आणि खोडात ठासून भरलेल्या असतात. चावलं की त्या जिभेत, गालांत, घशात रुततात. हे सगळं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने सांगत असे.

झाड फार उंच गेलं होतं म्हणून त्या दिवशी सकाळी मी ते छाटलं. खोडाचे बोटभर लांबीचे पाच तुकडे केले. ते मातीत आडवे लावले की डोळ्यांतून नवे कोंब फुटतात, पण त्याआधी कापलेली टोकं जरा सुकू द्यावी लागतात. मागच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून तुकडे ओळीने मांडले. मग नळावर जाऊन कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, कारण तो चीक अंगाला लागला की खाज सुटते.

माझे हात मी धुतले. तुकडे पायरीवर राहिले.

दुपारी आम्ही दोघं परसात होतो. मी टोमॅटोची रोपं वाफ्यात लावत होतो, ती छोट्या झारीने एकाच कुंडीत पुन्हा पुन्हा पाणी ओतत होती. माझी पाठ किती वेळ वळली होती हे मला सांगता येत नाही. बायकोला मी 'अर्धा मिनिट' सांगितलं, डॉक्टरांना 'एक-दोन मिनिटं'. दोन रोपं लावून झाली होती, एवढं नक्की आठवतं.

ती लगेच रडली नाही. झारी पडल्याचा आवाज आला म्हणून मी वळलो, तर ती पायरीपाशी नुसती उभी होती. तोंड उघडं, जीभ थोडी बाहेर, डोळे माझ्यावर. काहीतरी झालंय आणि ते काय हे बाबाला विचारावं, असा चेहरा. मग हनुवटीवरून लाळ गळायला लागली, आणि रडणं फुटलं ते आवाजाशिवाय. मला वाटलं घशात काही अडकलं, मी सरळ तिच्या तोंडात बोट घातलं. नुसतं चाचपत असं बोट घालायचं नसतं, अडकलेली वस्तू त्याने आणखी खाली जाते. हेही मला माहीत होतं. त्या क्षणी मला काहीच माहीत नव्हतं. मग पायरीवर तो तुकडा दिसला. एका टोकाला चार बारीक दातांच्या खुणा होत्या, चीक ओला होता.

शेजारच्या काकू कुंपणापलीकडून ओरडत होत्या, 'उलटी काढ तिला, उलटी!' मी तिला पालथीही धरली होती. आतून बायको धावत आली आणि माझ्या हातातून तिला ओढूनच घेतली. उलटी केली असती तर तेच पुन्हा घशातून वर आलं असतं. तिने ओल्या फडक्याने आतली जीभ, गाल, हिरड्या पुसल्या, गार दुधाचे दोन-तीन घोट पाजले, आणि निघताना वर्तमानपत्र त्या तुकड्यांसकट गुंडाळून काखेत मारलं. मी चपला शोधत होतो.

दवाखान्यात विचारलं, काय खाल्लं? मी म्हणालो, झाड. कुठलं? मला नाव आठवेना. ज्या झाडाचं लॅटिन नाव मी पाहुण्यांना ऐकवायचो, त्याचं साधं नाव तोंडातून निघेना. बायकोने टेबलावर वर्तमानपत्र उघडलं. डॉक्टरांनी तुकडा बघितला, तिच्या गळ्याला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ श्वास ऐकला. सूज घशात उतरून श्वासाला अडथळा येतो का, भीती त्याची होती. चार तास बसवून ठेवलं. श्वास ठीक राहिला.

घरी आलो तेव्हा तिचे ओठ सुजून बाहेर वळले होते. तिला मला हाक मारायची होती. 'ब' म्हणायला दोन ओठ एकमेकांना टेकावे लागतात, हे मला तोवर कधी सुचलंही नव्हतं. तिचे टेकत नव्हते. ती नुसती 'आआ, आआ' म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि 'बाबा' परत आलं. तुम्हाला सांगताना मी नेहमी तिसऱ्या दिवसापासून सुरुवात करतो, 'काही नाही, दोन दिवसांत बरी झाली.' मधले दोन दिवस हे असे होते.

मग तू काय केलंस, हे पुढचं विचाराल. डिफेनबेकिया त्याच संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून कण्हेर मुळासकट उपटली. आईने लावलेली होती ती, दारात. तिचं पान, फूल, खोड सगळंच विषारी आणि ते थेट हृदयावर जातं. तिची फांदी जाळूही नये, धूरही बाधतो. आई म्हणाली, 'तू नाही का याच कण्हेरीखाली खेळून मोठा झालास?' झालो. पण जो मोठा झाला तोच हे सांगायला उरतो, या वाक्यापुढे मला जाता येत नाही, आणि हे आईला तोंडावर बोलवतही नाही. बिट्टीचं झाड गेलं. गुंजेचा वेल गेला. तिच्या लाल-काळ्या बिया मीच जमवून बाटलीत ठेवल्या होत्या. अख्खी गिळली तर ती बी बहुतेकदा तशीच बाहेर पडते, पण चावून फुटली तर जीव घेऊ शकते. बाटलीही गेली. पाण्याच्या पिंपाला घट्ट झाकण आलं. कुंड्यांखालच्या बशा आता दर आठवड्याला नुसत्या रिकाम्या होत नाहीत, घासल्या जातात. डेंग्यूच्या डासाची अंडी बशीच्या कडेला चिकटून कोरडीही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार होतो.

एवढं काढलं, तर बाकीचं का नाही?

दोन वर्षांपूर्वी याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. लेक झाली तेव्हापासून मी सांगत सुटलो होतो की मातीत खेळणारी मुलं निरोगी राहतात. 2020 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात फिनलंडच्या संशोधकांनी पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि गवत आणून घातलं, मुलांना त्यात 28 दिवस खेळू दिलं आणि त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंत, रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या खुणांत चांगला फरक दिसला, हे मी जेवणाच्या टेबलावरही ऐकवलंय. त्याआधी 1989 मधल्या डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाच्या, लहानपणीचे संसर्ग ॲलर्जीपासून वाचवत असावेत असं सुचवणाऱ्या निबंधाचा दाखला द्यायचो, तोही छातीठोकपणे. मी ते दोन्ही त्या दुपारनंतर पुन्हा नीट वाचले. स्ट्रॅचन यांचा मुद्दा भावंडांच्या संख्येचा होता, कुंडीतल्या मातीचा नव्हता. फिनलंडची मुलं 3 ते 5 वर्षांची होती, सगळी मिळून 75. अभ्यास चांगलाच आहे. पण 19 महिन्यांच्या पोरीला चिकाळ खोडाशेजारी सोडा असं त्यात कुठेही नाही. बाग मला हवी होती, आणि माझ्या हवेपणाला मी शास्त्राचा सदरा घातला होता.

हे कबूल केल्यावर बाग काढायला हवी होती, असं माझं मलाच वाटतं. दिवसभराची नोकरी, रात्रीची जागरणं, घरात सतत कोणाचं तरी काहीतरी मागणं, यात रोज सकाळची वीस मिनिटं मला एकट्याला मिळायची ती तिथे. मूल झाल्यावर बाकी सगळं सोडलं. हे एक नाही सोडलं. तुम्हाला हा स्वार्थ वाटेल. आहेच तो.

पण तिचंही काहीतरी तिथे आहे, ते मी नाही म्हणू शकत नाही. घेवड्याचं बी आम्ही मिळून पेरलं तर ती रोज सकाळी ते उकरून काढायची. तळहातावर घेऊन बघायची, 'निजलं' म्हणायची, परत मातीत ठेवून वर थोपटायची. 'मला थोपटतात तसं झाडालाही थोपटायचं', हे तिचं गणित. चौथ्या दिवशी त्याला पांढरं मूळ फुटलं होतं. ते बघून ती इतकी स्तब्ध झाली की मी कॅमेरा काढायचंही विसरलो. ते बी अर्थात जगलं नाही, रोज उकरल्यावर कसं जगणार. तिच्या नकळत मी शेजारी दुसरं पेरलं, आणि ते वर आल्यावर 'उठलं!' असं ती ओरडली. तिला अजून वाटतं ते तिचंच.

आणि लाजाळू. तिला काटे असतात म्हणून तीही काढणार होतो. पण लेक एका बोटाने एकच पान शिवते, ते मिटेपर्यंत श्वास धरते आणि मग ते परत उघडेपर्यंत तिथेच उकिडवी बसून राहते. तेवढा वेळ ती घरात कशासाठीच थांबत नाही. या एका गोष्टीसाठी धोका पत्करावा का? मी हो म्हणतो, बायको नाही म्हणते, आणि त्या दुपारी डोकं तिचं ठिकाणावर होतं, माझं नव्हतं. म्हणून तिचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही.

आता लेक अडीच वर्षांची आहे. काहीही उचललं की आधी विचारते, 'हे तोंडात?' मी 'नाही' म्हटलं की ठेवते. दहातल्या आठ वेळा ठेवते. या वयात 'नाही' कळतं पण हात आवरतोच असं नाही, म्हणून त्या आठांवर मी भरवसा ठेवत नाही. ती परसात असली की मी काम करत नाही. रोपं ती झोपल्यावर लावतो. सकाळची ती वीस मिनिटं आता रात्री टॉर्चच्या उजेडात होतात.

एक गोष्ट अजून राहिली आहे. मनी प्लँटही त्याच कुळातला, त्यातही त्याच सुया. तो वरच्या फळीवर आहे आणि बायको आठवड्यातून एकदा तरी म्हणते, काढ. मी अजून काढलेला नाही. तो मी कॉलेजात असताना एका फांदीवरून वाढवलाय, एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं नाही हे मला दिसतं. त्याची वेल खाली लोंबायला लागली की रविवारी, लेक दुपारी झोपल्यावर, मी स्टुलावर चढून ती कापतो. तुकडे आधी पिशवीत घालतो, पिशवीला गाठ मारतो, ती बाहेरच्या डब्यात टाकून येतो, डब्याचं झाकण दाबून बघतो. हात त्यानंतर धुतो.