थोरल्याचं वय ८२, धाकट्याचं ८६

“बाई, धाकट्याचा फॉर्म आणलासा. माझा कुठं हाय ओ?” आबांनी सोप्यातूनच विचारलं, आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही.

गोष्ट एप्रिल २०२४ ची. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीकडच्या एका गावात मी मराठी शाळेत शिकवते आणि गावच्या मतदार यादीची बीएलओ, म्हणजे बूथ पातळीवरची अधिकारी, म्हणूनही काम बघते. लोकसभेसाठी १२-डी फॉर्म, म्हणजे घरूनच मत देण्यासाठीचा अर्ज, घरोघर पोचवत होते. २०२३ च्या विधानसभेला ८० वर्षांवरच्यांना घरी मत देता आलं होतं. तेव्हा आबांनी आपल्या खाटेवर बसून मत दिलं होतं. या वेळी मर्यादा ८५ वर गेली. यादीत आबांचं वय ८२, आणि शेजारच्या घरात राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाचं, अण्णांचं, ८६!

मतदार कार्डं काढली तेव्हा दोघांकडंही जन्माचा दाखला नव्हता. सांगितला तो आकडा लिहिला गेला आणि तोच पुढं चालत आला. ती यादी वर्षभर माझ्या हाताखालून जात होती. ही चूक माझ्या ध्यानात यायला हवी होती, ही रुखरुख अजून आहे.

आबांचे दोन्ही गुडघे गेलेत. ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असतं तर वयाचा प्रश्नच आला नसता. पण ते कधी काढलेलं नव्हतं, आणि १२-डी अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत द्यावा लागतो. तेवढ्यात कुठलं प्रमाणपत्र मिळायचं?

पथक आलं त्या दिवशी अण्णांच्या सोप्यात टेबल मांडलं, त्यावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. ओळखपत्र बघून झालं, प्रतिज्ञापत्रावर अंगठा घेतला. अण्णांनी आडोशामागं खूण केली, मतपत्रिकेची घडी छोट्या पाकिटात घालून चिकटवली, आणि ते पाकीट प्रतिज्ञापत्रासकट मोठ्या पाकिटात गेलं. व्हिडिओवाला आडोशामागचं सोडून सगळं टिपत होता. आबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. “ह्येला खांद्यावर बसवून मी बाजाराला न्हेलोय,” एवढंच म्हणाले. त्यांच्या सुनेनं साहेबांना हात जोडून विचारलं, आलाच आहात तर यांचंही घ्या की ओ. साहेब माणूस चांगला, पण ज्यांचा अर्ज मंजूर त्यांचीच मतपत्रिका त्यांच्याकडं होती.

७ मे ला मतदान. आमचा तालुका बेळगाव जिल्ह्यात, पण लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये मोडतो. बाहेरगावाहून आलेली पोरं बेळगावचे उमेदवार शोधत होती, त्यांना समजावण्यातच सकाळ गेली. मी शाळेच्या फाटकाजवळ यादी घेऊन बसले होते. दहाच्या सुमाराला गोव्याला कामाला असलेला नातू आबांना मोटारसायकलवर मधे बसवून घेऊन आला. आबांच्या हातात मी दिलेली मतदार चिठ्ठी होती, दुसरं काही नाही. कार्ड गेल्या पावसाळ्यात भिजून लगदा झालेलं.

२०१९ पासून नुसत्या चिठ्ठीवर मत देता येत नाही. नातू तापला. “सगळा गाव वळखतोय न्हवं ह्यास्नी!” ओळखत होता हे खरं. पण आत बसलेले अधिकारी परगावचे, आणि त्यांना गावकऱ्यांच्या ओळखीवर चालता येत नाही. मी म्हटलं, बाबा, कार्ड नसलं तरी अडत नाही. आधार, पॅन, लायसन, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटोचं पासबुक, यातलं काहीही चालतं. आधार सापडेना म्हणाला. मग पोस्टाचं पासबुक आठवलं. त्यावर आबांचा फोटो होता. तो आणायला गेला तोवर आबा माझ्या खुर्चीवर बसून राहिले. कपाळावरून घाम निथळत होता, तरी घरी चला म्हटल्यावर मान हलवली.

मत देऊन आले तेव्हा शाईचं बोट त्यांनी वाळेपर्यंत वर धरून ठेवलं होतं.

शाळा उघडल्यावर मी कपाटातलं जुनं जनरल रजिस्टर काढलं, बेळगाव मुंबई प्रांतात होतं तेव्हाचं. पानांचे कोपरे वाळवीनं खाल्लेले. आबा दुसरीपर्यंत शिकलेत, म्हणून नोंद असणार असं वाटलं. सापडली. जन्मतारीख १ जून १९३६. म्हणजे एप्रिलात ते ८७ चे होते.

त्या नोंदीचा उतारा आणि यादीतली चूक दुरुस्त करायचा फॉर्म ८ घेऊन मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. नोंद त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग चष्मा लावून, एकेक अक्षर जुळवत, फॉर्मवर सही केली.