'तोफ' हे नाव कुणाचं?

करार आला तो २२ पानांचा, सगळा इंग्रजीत. टीव्हीवर प्रो रेसलिंग दाखवणाऱ्या एका नव्या कंपनीनं मला तीन वर्षांसाठी विचारलं होतं. आठ दिवसांत सही करून पाठवा, असा मेल. मी मानधनाचं पान काढलं, आकडा बघितला आणि पेन शोधायला लागलो. नशीब, त्या दिवशी मामा आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आले होते. जन्मभर वकिली केलेली. त्यांनी कागद हातातून घेतले. "अरे, आधी मधली पानं वाचू."

तीन संध्याकाळी आम्ही तेच केलं.

कागदोपत्री मी 'स्वतंत्र कंत्राटदार'. म्हणजे पीएफ नाही, विमा माझा मलाच काढायचा. तरी बाहेर एक दंगलसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय लढायची नाही. अमेरिकेतही पैलवानांना याच पद्धतीनं बांधतात. रिंगमधल्या दुखापतीचा खर्च कंपनीनं करावा एवढं आम्ही मागितलं, ते लगेच मान्य झालं.

अडलं ते कलम ११ वर. कार्यक्रमात वापरलेलं प्रत्येक नाव कंपनीच्या मालकीचं. मी 'बडोद्याची तोफ' म्हणून लढतो. तालमीत आजोबांना सगळे 'तोफ' म्हणायचे, वस्तादांनी तेच नाव मला दिलं. मी मामांना १९९६ची गोष्ट सांगितली. स्कॉट हॉल आणि केविन नॅश हे अमेरिकन पैलवान डब्ल्यूडब्ल्यूएफ ही कुस्ती कंपनी सोडून तिच्या प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूत गेले. 'रेझर रॅमन' आणि 'डीझेल' ही त्यांची नावं जुन्या कंपनीकडेच राहिली, आणि तिनं त्याच नावांनी दुसरे दोन पैलवान रिंगमध्ये उतरवले. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सही नंतर. आधी नाव नोंदवू."

ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन भरला, वर्ग ४१ मध्ये. मनोरंजन आणि खेळ त्यात येतात. एका व्यक्तीसाठी फी ४,५०० रुपये. आपण नाव आधीपासून वापरतोय हे दाखवायला प्रतिज्ञापत्र लागतं, आणि पुरावे. तारीख असलेली दंगलीची जुनी पोस्टर्स वस्तादांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. अर्ज क्रमांक मिळाल्यावर कंपनीला कळवलं: नाव माझं, करार असेपर्यंत वापरायची परवानगी तुम्हाला. दोन आठवडे उत्तर नाही. मग होकार आला.

दुसरा वाद टीआरपीचा. तो घसरला तर मानधन कापायचं, असं लिहिलं होतं. आपल्याकडे बार्क ही प्रेक्षक मोजणारी संस्था निवडक घरांतल्या मीटरवरून हे आकडे काढते. पण माझी कुस्ती किती वाजता लागणार, समोर क्रिकेट आहे का, हे मी कुठे ठरवतो? ४ जानेवारी १९९९ला डब्ल्यूसीडब्ल्यूच्या निवेदकानं, समोरच्या चॅनेलवर डब्ल्यूडब्ल्यूएफचा पैलवान मिक फोली विजेतेपद जिंकणार आहे, असं खिजवत सांगून टाकलं. लाखो प्रेक्षकांनी तिकडे चॅनेल बदललं. त्या रात्री डब्ल्यूसीडब्ल्यूच्या रिंगमध्ये घाम गाळणाऱ्यांचा यात काय दोष? हेच मी फोनवर त्यांना विचारलं. कपातीचं वाक्य निघालं, बोनस राहिला.

करार संपल्यावर वर्षभर दुसरीकडे लढायचं नाही, हेही एक कलम होतं. १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७ नुसार करार संपल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडे टिकत नाही, असं मामा म्हणाले. तरी आम्ही लिहून घेतलं: ९० दिवस, आणि त्या दिवसांचं मानधन कंपनी देणार.

आठ दिवसांचं काम पाच आठवडे चाललं. सही झाली, पुढच्या महिन्यात पहिलं चित्रीकरण आहे. ट्रेडमार्कचा परीक्षण अहवाल मात्र अजून यायचाय. सकाळी तालमीतून आलो की आधी अर्ज क्रमांक टाकून बघतो, मग दूध पितो.