गोचीड ताप: दवाखान्यात जाण्याआधी आणि आल्यावर

परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने सोडले, तर मराठवाड्यात कुत्र्यामांजरांची वेगळी सोय बहुतेक मोठ्या गावांतच सापडते. तालुक्याचा सरकारी दवाखाना मुळात गाई-म्हशी आणि शेळ्यांचा. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प-फऱ्याच्या लसी सुरू झाल्या की डॉक्टर सकाळीच वाड्या-तांड्यांवर निघालेले असतात, म्हणून आधी फोन करून मगच निघावं. भेट मिळते ती दहा मिनिटांची. त्यात मालक काय सांगतो आणि सोबत काय आणतो, यावर बरंच ठरतं. कुत्र्याच्या गोचीड तापात तर हे फार जाणवतं.

हा ताप म्हणजे एकच आजार नव्हे. एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन नेहमीचे जंतू, दोन्ही तपकिरी गोचिडातून येतात, कधी कधी एकाच वेळी. दोन्हींत कुत्रं जेवण सोडतं, सुस्तावतं, हिरड्या पांढुरक्या पडतात. नाकातून रक्त किंवा पोटाच्या कातडीवर लालसर ठिपके दिसले तर एर्लिकियाचा संशय आधी. लघवी काळ्या चहासारखी झाली तर बबेसियाचा. लघवीचा रंग बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो. पांढऱ्या फरशीवर करवून मोबाईलवर फोटो काढा. नाक गरम लागण्यावरून ताप ओळखता येत नाही. डिजिटल थर्मामीटरला थोडं व्हॅसलिन लावून गुदद्वारात मोजा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. भर उन्हातून आणलेल्या कुत्र्याचा आकडा तसाही चढलेला असतो, तेव्हा घरी सावलीत मोजलेला वेळेसह लिहून न्या.

वजनाचा अंदाज सांगू नका. कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. उचलत नसेल तर आडतीवरचा काटा आहेच. बबेसियासाठी दिलं जाणारं डिमिनाझीन हे औषध जनावरांच्या दवाखान्यात सहज असतं, पण कुत्र्यात त्याचा योग्य डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडं आहे. जास्त गेलं तर मेंदूवर परिणाम होतो. बबेसियावरचं दुसरं औषध इमिडोकार्ब. ते दिल्यावर लाळ गळते, उलटी होते, म्हणून अनेक डॉक्टर आधी ॲट्रोपिन देतात. अशी इंजेक्शनं ‘वीस-बावीस किलो असेल’ यावर भरायची नसतात.

दवाखान्यात जाण्याआधी घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी देणं ही सगळ्यात महाग पडणारी गोष्ट. या तापात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात, त्यात डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन पोटात रक्तस्राव घडवतं. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते.

आता रक्त. सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत घेतात. नळी भरली की आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी करायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात, हलवलीच नाही तर गुठळी होते. लहान गावात हा नमुना माणसांच्या लॅबमध्येच जातो. चालतं, पण मशीनमध्ये प्राण्यांचं सेटिंग नसेल तर आकडे चुकतात, आणि प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या असतील तर मशीन त्या मोजतच नाही. म्हणून वीस हजार वाचून घाबरण्याआधी काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला सांगा. बबेसिया पाहायची काचपट्टी कानाच्या कडेच्या थेंबाची चांगली, आणि ती जागेवरच बनवलेली हवी. नळी एसटीने परभणीला पाठवायची असेल तर बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका, मध्ये कापड ठेवा. एक डोस देऊन मग रक्त तपासणं म्हणजे पुरावा पुसून चोर शोधणं.

झटपट तपासणीच्या किटचंही समजून घ्या. ती बहुतेक जंतू नव्हे, तर जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधते. संसर्गाच्या पहिल्या काही दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि बरं झालेल्या कुत्र्यातही कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते. नुसत्या किटवर ‘पुन्हा झाला’ म्हणून दुसरा कोर्स सुरू करणं मला पटत नाही. सोबत सीबीसी हवी.

कारवान आणि पश्मी जातीची कुत्री पाळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांत तब्येत ठणठणीत असतानाही प्लेटलेट कमी आणि लाल पेशी जास्त असू शकतात. आपलं कुत्रं धडधाकट असतानाच एकदा सीबीसी करून कागद फाईलला लावा, पुढे तुलनेला तोच उपयोगी पडतो. अंगावर चरबी नसल्यामुळे थायोपेंटोनच्या भुलेतून ही कुत्री उशिरा उठतात, तेव्हा ऑपरेशनच्या वेळी जात आठवणीने सांगा.

एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन. साधारण डोस रोज किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला १५० मिलिग्रॅम, एकदम किंवा दोन वेळा विभागून, २८ दिवस. दोन-तीन दिवसांत कुत्रं जेवायला लागतं आणि तिथेच बहुतेक घरांत गोळ्या थांबतात. जंतू अंगात राहतो आणि काही महिन्यांनी अस्थिमज्जेपर्यंत पोचलेला आजार समोर येतो, तो आवरणं अवघड. गोळी रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते. भाकरीच्या घासात द्या, दुधात नको. वरून पाणी पाजा, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जखम होते. बबेसियाचा गिब्सोनी हा प्रकार असेल तर एकट्या डॉक्सीने भागत नाही, वेगळी औषधं जोडावी लागतात. सातव्या दिवशी सुधारणा नसेल तर हे डॉक्टरांना विचाराच.

एवढं करून गोचीड घरातच राहिला तर पुन्हा तेच. हा गोचीड भिंत चढतो. दगडी भिंतीच्या फटीत, पत्र्याच्या आढ्याला, शहाबादी फरशीच्या सांध्यांत मादी हजारांनी अंडी घालते. फवारणी तिथे करा. अंडी त्यातून वाचतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. जनावरांचं १२.५ टक्क्यांचं अमिट्राझ हे गोचीड मारायचं औषध कुत्र्याला लावायचं तर लिटरभर पाण्यात २ मिलि, त्याहून घट्ट नको, आणि वाळेपर्यंत चाटू देऊ नका. मांजराला अमिट्राझ नाही, परमेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनही नाही. त्याने मांजर थरथरतं, झटके येऊन मरतं. फ्लुरालानर ही गोचिडावरची गोळी साधारण १२ आठवडे काम करते, पण कुत्र्याला कधी फिट आली असेल तर आधी सांगा. चिकटलेला गोचीड काढायला रॉकेल लागत नाही. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका आणि ती बाटली पुढच्या भेटीला सोबत न्या.