हजेरीपटात न दिसणारे आजी-आजोबा

गावातल्या ज्येष्ठांसाठीचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम कितपत उपयोगी पडला, हे सांगताना बरेच अहवाल हजेरीपटावरच थांबतात. पण खचलेला माणूस ओसरीवरून उठतच नाही, तो शिबिराला येणार कसा? म्हणून आधी घरोघरी फिरून साठीपुढच्या सगळ्यांची यादी करा आणि कार्यक्रम सुरू होण्याआधीच पीएचक्यू-९ ही नैराश्य हेरायची प्रश्नावली भरून घ्या. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न, गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर पुढची तपासणी.

घोळ होतो तो विचारताना. सून दारात उभी असली की आजी म्हणतात, "मला काय धाड भरलीय? सगळं झ्याक आहे." ऐकू कमी येत असेल तर नुसती मान डोलते. "उदास वाटतं का?" यापेक्षा "कशात जीव रमत नाही का?" हे लगेच पोचतं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे होकार आला तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

दुसरी फेरी पुढच्या वर्षी त्याच महिन्यात घ्या. पेरणीतलं घर आणि सुगीनंतरचं घर वेगळं असतं. शिवाय काहींचे गुण आपोआपही उतरतात, त्यामुळे तुलनेला कार्यक्रम न मिळालेला दुसरा गट हवाच. गोव्यात साठीपुढच्या १८१ जणांवरच्या अभ्यासात असा गट होता: वर्षभरात नैराश्य जडलं ते समुपदेशन मिळालेल्या ९१ पैकी ४ जणांना, बाकीच्या ९० पैकी १३ जणांना. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती.

फेरीतून गळालेल्यांच्या घरी मात्र जाऊन याच.