लग्नासाठी कोल्हापूर: चार रात्री आणि एक बाटली

मेहुण्याच्या मुलीची लग्नपत्रिका हातात आली आणि मी आधी त्यांच्या घरातला संडास आठवून पाहिला. कोल्हापूर, मंगळवार पेठ, जुनं घर. पाहुण्यांची निजायची खोली माडीवर, संडास खाली परसात, मधे अकरा पायऱ्या. आणि मी रात्रीतून चार-पाच वेळा उठणारा.

मागच्या वर्षी प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झालं. मूत्राशय शेजारीच असल्याने त्यालाही शेक लागतो, आतलं अस्तर चिडतं आणि थोडी लघवी साठली तरी घाई होते. त्यात दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन. त्याने रात्री अंगातून गरम वाफा येतात, झोप मोडते, आणि जाग आली की माणूस जाऊन येतोच. असं चालू असताना ज्यांना लग्नाकार्याला जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

निघण्याआधी डॉक्टरांनी तीन दिवस लघवी मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहायला लावली होती. चोवीस तासांत साधारण 1700 मिली, त्यातली रात्रीची 750. माझ्या वयाला रात्रीचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला तर नुसत्या मूत्राशयाला दोष देऊन भागत नाही, म्हणाले. दिवसभर पाय खाली सोडून बसलं की पाणी पायांत उतरतं. आडवं झालं की तेच रक्तात परत येतं आणि किडन्या ते बाहेर काढत बसतात. म्हणून दुपारी तासभर पाय उशांवर, आणि दिवसा घट्ट मोजे. माझी बीपीची एक गोळी लघवी वाढवणारी आहे, तीही त्यांनी संध्याकाळची दुपारवर आणली. हे आपल्या मनाने करू नका, विचारा.

जाताना कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेस धरली. चूक केली. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत 2020 मध्ये गेली ती गेलीच, पण साठीनंतर पुरुषांना खालच्या बर्थचा कोटा आहे, तो मला मिळाला. फक्त डब्याच्या मधोमध. दर वेळी लोकांचे पाय आणि बॅगा ओलांडत जायचं. कर्जतनंतर घाटात डबा असा हलत होता की एक हात दांडीला आणि दुसऱ्या हाताने नाडा सोडायचा. नेमकी तेव्हाच निरगाठ बसली. पुढचं सांगत नाही. बॅगेत दुसरा पायजमा होता एवढं पुरे. प्रवासात इलॅस्टिकचीच पँट घाला, आतून पॅड लावा, आणि गाडीत पुरुषांनीही कमोडवर बसूनच करावं. घाई नसली की मूत्राशय नीट रिकामंही होतं.

कोल्हापुरात खरी लढाई आग्रहाशी. बायकोने भावाला फोनवर सगळं स्पष्ट सांगून टाकलं होतं (मी दोन दिवस चिडलो होतो, उगाच), त्यामुळे खालची खोली मिळाली. पण रात्री नऊला वहिनी कप घेऊन उभ्याच. "दाजी, अर्धा कप तर घ्या की!" जेवणात तांबडा, पांढरा, वर ताक. त्या रात्री सात वेळा. माझ्या मूत्राशयाला चहा आणि तिखट दोन्ही खपत नाही. काहींना खपतं, तुम्ही आपलं आपण पाहा. दुसऱ्या दिवसापासून रस्सा दुपारी, रात्री भाकरी आणि दोडक्याची सुकी भाजी. पाणी मात्र तोडायचं नाही. लघवी घट्ट झाली की जळजळ वाढते. मी बहुतेक पाणी चारच्या आत पितो, सातनंतर गोळीपुरतं. मेहुण्याला रात्री गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पाजायचं होतं. ते आम्ही पहाटे जाऊन प्यायलो, फेसासकट, मिशीला लागेपर्यंत.

अंबाबाईच्या दर्शनाला निघताना एकदा जाऊन यायचं, मिनिटभर थांबून पुन्हा जायचं. दुसऱ्यांदा जे निघतं तेच रांगेत छळतं. गर्दी पाहून मी मुखदर्शन घेतलं. देवी समजून घेईल.

हळदीला दिवसभर खुर्चीवर बसलो, संध्याकाळी मोज्यांच्या वर सूज आणि रात्री पाच फेऱ्या. लग्नाच्या दिवशी शहाणा झालो: जेवणं झाल्यावर कार्यालयाच्या वरच्या खोलीत आडवा झालो, पाय आहेराच्या साड्यांच्या गठ्ठ्यावर. एक मावशी डोकावून, काहीतरी पुटपुटून गेल्या. त्या रात्री तीनदाच उठलो.

आणि बाटली. मेडिकलमध्ये झाकणाची, रुंद तोंडाची युरिनची बाटली मिळते. घरी मी तिला हात लावला नसता, पण परक्या घरात, अंधारात, नव्याने सारवलेल्या परसातून जाण्यापेक्षा ती बरी. कॉटखाली वर्तमानपत्रावर ठेवायची, उशाशी छोटा टॉर्च. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताना बीपी उतरतो, म्हणून कॉटच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभं राहायचं. लघवीत रक्त दिसलं, ताप आला किंवा कळ येऊनही होईना, तर मात्र लग्न सोडून दवाखाना गाठा.

येताना दिवसाची कोयना, दाराजवळची सीट, कडेची. गाडीला वेळ लागतो पण जीव थाऱ्यावर राहतो.

घरी पोचल्यावर लक्षात आलं, बाटली कॉटखालीच राहिली. तिसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन. इकडचं तिकडचं बोलून आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, ती राहू दे का हितंच?" मेहुणा सहासष्ट वर्षांचा. मी म्हटलं, ठेव. पण या आठवड्यात डॉक्टरला दाखव, आणि मला कळव.