चौकट साठवू नका, मॅट्रिक्स साठवा

रावेर-सावद्याकडून बाहेर जाणाऱ्या केळीच्या खोक्यावरचं लेबल घ्या. त्यावर घडाचा जरा तिरका फोटो, गोल शिक्का आणि बाजूला मजकूर. १०० × ७५ मिमीचं हे लेबल ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ११८१ × ८८६ पिक्सेलचं होतं. अशी लेबलं कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या पटावर, जुळवणारी लायब्ररी लिहायची, तर प्रत्येक चित्राची मूळ मापं आणि सहा आकड्यांचं मॅट्रिक्स (ए ते एफ; चित्र कुठे, किती फिरवून आणि किती मोठं बसवायचं ते सांगणारं) एवढंच साठवा. बाउंडिंग बॉक्स, म्हणजे चित्र पूर्ण मावेल अशी सरळ उभी-आडवी चौकट, लागेल तेव्हा काढा.

याचं कारण हिशोबात आहे. ४०० × ३०० चा फोटो ३० अंश फिरवला की रुंदी ४०० × ०.८६६ + ३०० × ०.५, म्हणजे ४९६ होते आणि उंची ४६०. पुढे फोटो सरळ करताना तुमचं फंक्शन ती चौकटच उलटी फिरवत असेल, तर उत्तर ६६० × ६४६ येतं. फोटो आहे तेवढाच आहे, चौकट मात्र प्रत्येक फेरीला फुगत जाते.

योग्य रीत सोपी आहे. मूळ चारही कोपरे मॅट्रिक्समधून काढायचे (नवा एक्स = ए × एक्स + सी × वाय + ई, नवा वाय = बी × एक्स + डी × वाय + एफ) आणि त्यातले किमान-कमाल घ्यायचे. किमान-कमालची सुरुवात शून्यापासून करू नका, नाहीतर लेबलाचा वरचा डावा कोपरा प्रत्येक चौकटीत शिरतो. सुरुवात अनंतापासून करा.

पिक्सेलवर बसवताना किमान खाली आणि कमाल वर, असं पूर्णांकात न्यायचं. इथेच ९० अंशांचा फोटो त्रास देतो. संगणकाला ९० चा कोसाइन नेमका शून्य मिळत नाही, ०.००००००००००००००००६ च्या आसपास मिळतो. शून्यावर यायचा कोपरा त्यामुळे केसभर पुढे सरकतो, वर पूर्णांक केला की १ होतो, आणि ३०० ची चौकट ३०१ ची होते. कडेला पांढरी रेघ दिसते ती हीच. ०, ९०, १८०, २७० या कोनांसाठी साइन-कोसाइन हातानेच लिहून टाका.

गोल शिक्क्याला कोपऱ्यांची रीत लावू नका. ४५ अंशांवर चौकट १.४१ पट मोठी येते, आणि शिक्का तर जागचा हललेलाही नसतो. अर्धी रुंदी = त्रिज्या × √(ए² + सी²), अर्धी उंची = त्रिज्या × √(बी² + डी²). रेघेची जाडी असेल तर मूळ त्रिज्येतच तिचा अर्धा भाग आधी मिळवा.

मध्याभोवती फिरवताना आधी मध्यापर्यंत सरकवा, मग फिरवा, मग तेवढंच उलटं सरकवा. कॅनव्हासवर वाय खाली वाढतो, म्हणून धन कोन घड्याळाच्या दिशेने जातो.

क्लिक फोटोवर पडली का, हे चौकटीवरून ठरवू नका, तिरक्या फोटोचे चार रिकामे त्रिकोणही त्यात येतात. क्लिकचा बिंदू उलट्या मॅट्रिक्समधून मागे न्या आणि मूळ ४०० × ३०० शी ताडा. उलटं मॅट्रिक्स काढताना ए × डी − बी × सी ने भागावं लागतं; ते शून्याजवळ असेल तर भागाकार न करता सरळ ‘नाही’ परत करा.